एका इंग्रजी शब्दाची कुळकथा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस आज्ञा केली की, यंदा गुणगौरवास आलेल्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे इंग्रजी भाषेविषयी काहीतरी सांगावे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर. समोरच्या पहिल्या दोन रांगांत पदवीधर आणि विलायतेस जाऊन आलेली मंडळी बसलेली दिसत आहेत. तेव्हा समग्र इंग्रजी भाषेला हात घालण्याचे धाडस आम्ही करीत नाही. एकच शब्द घेतो. शब्द इंग्रजीत अवघ्या चार अक्षरांचा आहे, परंतु त्याची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. तो शब्द म्हणजे 'स्मग'. त्याच्या जोडीला त्याचा एक भारदस्त चुलतभाऊ आहे, 'कॉम्प्लेसन्ट', त्यासही बोलावून घेऊ.

शब्दकोश उघडला तर या दोहोंपुढे बहुधा 'आत्मसंतुष्ट' असा अर्थ सापडतो. विद्यार्थी तो वहीत उतरून घेतो, कोश मिटतो आणि काम झाले असे मानतो. परंतु काम येथे संपत नसून येथूनच सुरू होते. कारण 'आत्मसंतुष्ट' हा शब्द आपल्याकडे कोणास लावला आहे ते पाहा. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचे वर्णन आहे. सर्व कामना टाकून जो आपल्याच ठायी तुष्ट राहतो, तो स्थितप्रज्ञ. पुढे तिसऱ्या अध्यायाच्या सतराव्या श्लोकात, आपल्या आत्म्यातच जो रमला व संतुष्ट झाला त्याला कोणतेही कर्तव्य उरले नाही, असे भगवंतांनी सांगितले आहे. पतंजलींनीही 'संतोष' हा पाच नियमांत घातला, आणि तोही शौचाच्या लगोलग. म्हणजे जी अवस्था आपल्या शास्त्रकारांनी साधनेचे शिखर म्हणून सांगितली, तोच शब्द आपण एका इंग्रजी दुर्गुणाला लावून बसलो आहोत. विद्यार्थ्याने 'हा गृहस्थ स्मग आहे' याचे भाषांतर 'हा गृहस्थ आत्मसंतुष्ट आहे' असे केले, तर व्याकरणाने ते बिनचूक ठरेल. मात्र त्या गृहस्थाची अनायासे स्थितप्रज्ञात गणना होईल!

तर मग या शब्दाचा खरा अर्थ काय? त्यासाठी त्याचे मूळ गाव गाठले पाहिजे.

'स्मग' हा शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. तो उत्तर जर्मनीच्या बोलीतील 'सुंदर, नीटनेटका' अशा अर्थाच्या शब्दावरून आला असावा, असे भाषापंडित मानतात. जर्मन भाषेत आजही दागिन्यांना 'श्मुक' म्हणतात, तो याच घराण्यातला. प्रारंभी या शब्दात निंदेचा लवलेशही नव्हता. शेक्सपिअरच्या नाटकांत तो आढळतो. 'व्हेनिसचा व्यापारी' या नाटकात शायलॉक अँटोनियोविषयी बोलताना, हा पूर्वी बाजारात कसा टापटिपीने येत असे, हे सांगण्यास हाच शब्द वापरतो. 'चौथा हेन्री' या नाटकाच्या पहिल्या भागात हॉटस्पर नावाचा तापट सरदार राज्याच्या वाटणीचा नकाशा पुढे घेऊन बसतो. ट्रेंट नदीचे वळण आपल्या हिश्शाचा लचका तोडते असे पाहून तो तिचा प्रवाहच सरळ करावयास निघतो, आणि त्या नदीला हेच विशेषण लावतो. नदी ती काय आत्मसंतुष्ट असणार? तेथे अर्थ 'सोज्वळ, गुळगुळीत' एवढाच. वेड लागलेला वृद्ध राजा लिअर तर आपण नटलेल्या नवरदेवासारखे मरणाला सामोरे जाऊ, असे म्हणताना हा शब्द योजतो. आपल्याकडे नवरदेवाच्या मुद्रेवर काय भाव असतो, ते या सभेत आम्ही सांगावयास नको. तो भाव ध्यानी घेतला म्हणजे हा शब्द पुढे कोणत्या वाटेने गेला असेल, याचा थोडासा उलगडा होतो.

नीटनेटका मनुष्य आरशात पाहतो. पाहण्यात गैर काही नाही. परंतु आरशापुढून हलल्यावरही ज्याच्या चेहऱ्यावर आरसा तसाच राहतो, त्याला पाहून शेजाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. शब्दाचा अर्थ बोलणारा ठरवीत नाही, पाहणारा ठरवितो. अठराव्या शतकाच्या सुमारास 'नीटनेटका' हा अर्थ मागे पडू लागला आणि 'आपल्या नीटनेटकेपणावर मनातून खूश असलेला' हा अर्थ पुढे आला. आज पहिला अर्थ जवळजवळ नाहीसा झाला आहे.

मराठीला हे नवखे नाही. 'शिष्ट' या शब्दाचीच गोष्ट घ्या. संस्कृतात शिष्ट म्हणजे ज्याला शिस्त लागली आहे, जो सुशिक्षित आहे, ज्याचे आचरण इतरांनी प्रमाण मानावे असा. 'शिष्टसंमत', 'शिष्टाचार', 'शिष्टमंडळ' या शब्दांत तो मान अद्याप टिकून आहे. परंतु आपल्या माजघरात एखादी आजी म्हणते, "नवी सून कामाला चांगली आहे हो, पण जरा शिष्टच आहे," तेव्हा तेथे धर्मशास्त्राचा संबंध नसतो. 'शहाणा' या शब्दाचेही तेच झाले. "फार शहाणा आहेस" हे वाक्य ऐकून आजवर कोणा मुलाला आनंद झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. इंग्रजांच्या 'स्मग'चा जो प्रवास झाला, तोच आपल्या 'शिष्ट'चा झाला. दोन्ही शब्द चांगल्या घरचे. आणि आपण चांगल्या घरचे आहोत हे त्यांना फार कळू लागले, म्हणून दोघांचीही अब्रू गेली.

आता चुलतभावाकडे वळू. 'कॉम्प्लेसन्ट' हा लॅटिन कुळातला. 'प्लासेरे' म्हणजे प्रसन्न करणे, आवडणे. त्याला जोर देणारा 'कॉम' हा उपसर्ग लागला. याचे पूर्वचरित्र तर फारच उज्ज्वल आहे. बायबलच्या लॅटिन भाषांतरात, येशूच्या बाप्तिस्म्याच्या प्रसंगी आकाशवाणी होऊन परमेश्वर आपल्या पुत्राविषयी प्रसन्नता प्रकट करतो, तेथे याच धातूचे रूप आहे. मिल्टनने १६६७ साली प्रसिद्ध झालेल्या 'पॅराडाइज लॉस्ट' या महाकाव्यात परमेश्वराच्या तोंडी पुत्राला उद्देशून 'कॉम्प्लेसन्स' हा शब्द घातला आहे. तेथे अर्थ आहे आनंदाचे निधान. जेन ऑस्टिनबाईंच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीतही नायक डार्सी नायिकेविषयी जो अनुकूल विचार मनात घोळवितो, त्याला हाच शब्द लावला आहे. त्यात निंदा नाही. पुढे मात्र 'दुसऱ्याविषयी वाटणारी प्रसन्नता' आटत गेली आणि 'स्वतःविषयीची प्रसन्नता' तेवढी उरली. विद्यार्थ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. 'कॉम्प्लेझन्ट' असा याच धातूपासून फ्रेंचमार्गे आलेला एक तिसरा शब्द आहे. त्यात 'स'च्या जागी 'झ' आहे आणि अर्थ आहे दुसऱ्याच्या मर्जीप्रमाणे वागणारा, भिडस्त. परीक्षेत या दोहोंची गफलत हटकून होते.

स्मग आणि कॉम्प्लेसन्ट यांत भेद असा की, पहिला मुद्रेवर दिसतो आणि दुसरा वर्तनात. हास्य स्मग असते, चेहरा स्मग असतो, आवाजही असतो. कॉम्प्लेसन्ट मनुष्याच्या चेहऱ्यावर काहीही नसेल. परंतु घराच्या तुळईला वाळवी लागली असता तो "आमच्या आजोबांनी बांधलेले घर आहे" असे म्हणून पान लावीत बसतो. त्यासाठी आपल्याकडे अरबीतून आलेला 'गाफील' हा जुना, लढवय्या शब्द आहे आणि तो पुष्कळ ठिकाणी चपखल बसतो. पुष्कळ ठिकाणी म्हणतो, सर्व ठिकाणी नव्हे. कारण गाफील मनुष्य नुसता बेसावध असतो, कॉम्प्लेसन्ट मनुष्य स्वतःवर खूश असल्यामुळे बेसावध असतो.

गर्व आणि पोकळ अभिमान यांहूनही हा दुर्गुण निराळा. वर उल्लेखिलेल्या कादंबरीत मेरी नावाची एक पुस्तकी बहीण आहे. ती गर्व आणि दिखाऊपणा यांतला भेद घरच्यांना समजावून देते. आपले आपल्याविषयी जे मत असते त्याचा संबंध गर्वाशी, आणि लोकांचे आपल्याविषयी जे मत असावे असे वाटते त्याचा संबंध दिखाऊपणाशी. हे ती इतक्या ऐटीने सांगते की, स्मग कशाला म्हणावे याचा धडाही तीच देऊन जाते. दिखाऊ मनुष्याला निदान प्रेक्षक लागतात. लोकांनी टाळ्या वाजविल्या नाहीत तर तो रडकुंडीला येतो, म्हणून त्याची सुधारणा होऊ शकते. स्मग मनुष्याला प्रेक्षकांची गरजच नसते; टाळ्या त्याच्या डोक्यात अखंड चालू असतात.

व्याकरणाची एक गंमत सांगून पुढे जातो. हे विशेषण प्रथमपुरुषी वर्तमानकाळात चालत नाही. "मी झोपलो आहे" असे जो म्हणतो तो झोपलेला नसतो. तद्वत् "मी स्मग आहे" असे ज्याला मनापासून म्हणता आले, त्याचा तो दोष त्याच क्षणी निम्मा उतरला. 'कॉम्प्लेसन्ट' मात्र प्रथमपुरुषी अनेकवचनात, तोही नकारात, भरपूर चालतो. "आपण कॉम्प्लेसन्ट राहता कामा नये" हे वाक्य उद्घाटनाच्या भाषणांत इतके आढळते की, ते नारळ आणि हारतुऱ्यांबरोबर सामानाच्या यादीतच लिहून ठेवतात की काय, असे वाटते.

स्मग मनुष्याचे संपूर्ण चित्र पाहावयाचे असेल तर चार्ल्स डिकन्सकडे जावे. 'अवर म्युच्युअल फ्रेंड' ही त्यांची कादंबरी १८६४-६५ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत पॉडस्नॅप नावाचा एक लंडनचा धनिक आहे. जहाजांच्या विम्याच्या धंद्यात त्याची भरभराट झालेली. स्वतः पॉडस्नॅपच्या मनात पॉडस्नॅपविषयी अत्यंत उच्च मत आहे. तो आठाला उठतो, सव्वाआठला दाढी करतो, नवाला न्याहारी, दहाला पेढीवर, साडेपाचला घरी, सातला भोजन. जगातील चित्रकला, साहित्य आणि संगीत यांनीही हेच वेळापत्रक रंगवावे, अशी त्याची अपेक्षा. अन्य देश ही त्याच्या मते एक चूक आहे. त्याची एक लकब डिकन्सने अमर केली आहे. कोणताही अवघड प्रश्न समोर आला की पॉडस्नॅप उजवा हात फेकतो आणि तो प्रश्न पाठीमागे झटकून टाकतो. पाठीमागे गेला म्हणजे जगातून गेला.

त्याच्या घरच्या एका मेजवानीचा प्रसंग आमच्या फार आवडीचा आहे. एक फ्रेंच पाहुणा आलेला असतो. पॉडस्नॅप त्याच्याशी, जणू तो बहिरे मूल आहे, अशा रीतीने मोठ्याने व सुटे सुटे बोलतो, त्याचे इंग्रजी उच्चार सुधारतो आणि इंग्लंडची राज्यघटना ही दैवी देणगी कशी आहे ते समजावतो. जेवणानंतर एक अगदी भिडस्त गृहस्थ हळूच म्हणतो की, नुकतेच अर्धा डझन लोक लंडनच्या रस्त्यांत उपासमारीने मेले. पॉडस्नॅपचे पहिले उत्तर, यावर आपला विश्वास नाही. भिडस्त गृहस्थ म्हणतो, चौकशीचे कागदच तसे सांगतात. दुसरे उत्तर, मग तो त्यांचाच दोष असेल. तिसरे उत्तर, हा विषय भोजनोत्तर बोलण्यासारखा नाही. घरातील तरुण मुलीच्या कानी असले काही पडता कामा नये. प्रथम घटना खोटी, मग खरी असली तर मेलेल्यांचा अपराध, आणि तेही टिकले नाही तर विषयच अशिष्ट. या तीन पायऱ्या विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्याव्यात. शब्दार्थापेक्षा त्या अधिक उपयोगी आहेत.

चुलतभावाचे उदाहरण कादंबरीतून देण्याची गरज नाही, ते इतिहासात आहे. 'टायटॅनिक' हे जहाज १९१२ च्या एप्रिल महिन्यात पहिल्याच प्रवासात हिमनगावर आदळून बुडाले, हे सर्वांस ठाऊक आहे. जहाजावर २२०० हून अधिक माणसे होती. बचावाच्या होड्या २०, त्यांत जागा ११७८ जणांची. दीड हजारांवर माणसे मेली. परंतु ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की, नियमाचा भंग मुळीच झाला नव्हता. ब्रिटिश सरकारचा नियम जुना होता; त्यातील सर्वांत मोठा वर्ग 'दहा हजार टनांवरील जहाजे' हा असून त्यासाठी १६ होड्या पुरेत असे ठरले होते. टायटॅनिक ४६ हजार टनांवर गेली होती. मालकांनी १६ ऐवजी २० होड्या ठेवल्या, म्हणजे नियमापेक्षा चार अधिकच! तपासणी करणाऱ्याने शेरा मारावयाचा झाला असता तर तो 'समाधानकारक' असाच मारावा लागला असता.

'समाधानकारक' हा शब्द आला, तेव्हा आता घराकडे यावयास हरकत नाही. शाळेच्या प्रगतिपुस्तकात हा शेरा आम्ही जन्मभर लिहीत आलो. जो मुलगा फार हुशार नाही आणि ज्याचे नावही चटकन आठवत नाही, त्याच्यापुढे तो लिहितात. आपल्या मंडळाच्या वार्षिक अहवालातही हा शब्द वारंवार येतो. शिष्यवृत्तीचे कार्य समाधानकारक, वसतिगृहाची व्यवस्था समाधानकारक, वधूवर-सूचनेचे काम समाधानकारक. कोणाचे समाधान झाले, हे मात्र वाक्यात नसते.

मंडळाने केलेले काम लहान आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्यांनी पायपीट करून वर्गणी गोळा केली, त्यांच्या पायांची धूळ कपाळी लावावी अशी ती माणसे होती. किंबहुना म्हणूनच बोलावेसे वाटते. पॉडस्नॅपचा उजवा हात लंडनमध्येच राहिला, असे समजण्याचे कारण नाही. "आपल्या ज्ञातीत हुंडा नाही" हे वाक्य या व्यासपीठावरून दरवर्षी उच्चारले जाते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. त्यालाही आता साठांवर वर्षे लोटली. हुंडा शब्द खरोखरच नाहीसा झाला आहे. त्याच्या जागी 'मानपान' आला, 'दोन्हीकडचा खर्च' आला, 'मुलीच्या हौसेने दिलेले' आले. ज्या बापाने त्यापायी शेत गहाण टाकले, तो या संमेलनाला येत नाही; बसभाड्याचा प्रश्न असतो आणि लाजेचाही. आणि तो येत नाही म्हणूनच आपले वाक्य दरवर्षी बिनविरोध मंजूर होते. त्याविषयी कोणी बोललेच तर आधी "आपल्यात असे होत नाही", मग "त्याने ऐपतीबाहेर उडी मारली", आणि शेवटी "आज सणासारखा दिवस, आज नको". विद्यार्थ्यांनी मघाच्या तीन पायऱ्यांशी ताडून पाहावे.

दुसरी गोष्ट भगिनीमंडळाच्या कार्याविषयी आहे. ती बोलण्याचा आम्हांस अधिकार आहे की नाही, याविषयी मतभेद होईल, तरी बोलतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उपस्थिती उत्तम असते, त्याचे छायाचित्र स्मरणिकेत दरवर्षी छापले जाते. त्या छायाचित्रात आपल्या ज्ञातीतील विधवा भगिनी कोठे असतात? कोणी त्यांस येऊ नका असे सांगत नाही, हे खरे. त्याच समजूतदारपणाने येत नाहीत, असे म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तेथील ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला की, पतिनिधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा यापुढे बंद. पुढे राज्य शासनानेही इतर गावांनी हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. ज्या गावाने ठराव केला, त्याने प्रथम एक गोष्ट मान्य केली, ती म्हणजे हे आमच्याकडे घडते. आपल्या ज्ञातीला सुशिक्षित म्हणून लौकिक आहे. त्या लौकिकामुळेच आपणांस असा ठराव कधी करावा लागला नाही.

स्वजनांस असे बोलणे हा काही नवा उपद्व्याप नव्हे. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात जी शतपत्रे लिहिली, त्यांत सर्वांत कडक फटके त्यांनी आपल्याच ज्ञातीला मारले. पूर्वजांच्या विद्वत्तेवर जगणाऱ्या आणि नवे काही शिकण्याची गरज न वाटणाऱ्या शहाण्यांवर त्यांचा रोख होता. समर्थांनीही 'दासबोधा'त मूर्खाची लक्षणे सांगून झाल्यावर पढतमूर्खासाठी निराळा समास लिहिला. एकाच समासात दोघांना बसविले नाही, यातच समर्थांची दृष्टी दिसते.

असो. आता मूळ प्रश्न, या शब्दाला मराठीत काय म्हणावे? 'आत्मसंतुष्ट' आम्ही वर्ज्य मानतो. तो गीतेकडेच राहू द्यावा. 'आत्मप्रौढी' तोंडाने होते, आणि स्मग मनुष्य तोंड उघडेलच असे नाही. 'आढ्यता' धनाशी बांधलेली आहे. हा दोष तर दरिद्र्यालाही जडतो. 'तोरा' जवळ येतो, परंतु तोरा ताठ असतो, स्मगपणा मऊ असतो. 'अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणे' हा वाक्प्रचार अर्थाने सर्वांत जवळचा. त्याचे विशेषण मात्र करता येत नाही. आमच्या मते 'स्मग'साठी घरगुती बोलण्यात 'शिष्ट' आणि लेखनात 'स्वतःवर खूश' असे सरळ म्हणावे. 'कॉम्प्लेसन्ट'ला प्रसंग पाहून 'गाफील' किंवा 'निर्धास्त' म्हणावे. यापेक्षा चांगला शब्द कोणा भगिनीस सुचला तर अवश्य कळवावा; असे शब्द शाळामास्तरांपेक्षा माजघरात अधिक सापडतात.

दुपारी साडेतीन वाजता वार्षिक अहवाल चर्चेस येणार आहे. त्या वेळी आम्ही एक लेखी सूचना देणार आहोत, ती आताच सांगून ठेवतो. अहवालात जेथे जेथे 'समाधानकारक' हा शब्द असेल, तेथे तो काढून तीन आकडे घालावेत. किती जणांनी मागितले, किती जणांस मिळाले, आणि ज्यांना गरज होती पण ज्यांनी मागितलेच नाही, असे किती. पहिले दोन आकडे चिटणीसांच्या दप्तरात आहेत. तिसऱ्यासाठी घरोघर हिंडावे लागेल. त्या कामास आम्ही आमच्या पेठेपुरते नाव नोंदवितो.